गरीब देशांतील अतिदक्षता : प्रश्न यंत्रांचा की माणसांचा?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. ज्या देशांत खेड्यापाड्यांतून पिण्याचे शुद्ध पाणी पोचत नाही, बाळंतिणीला सुईणीखेरीज आधार नाही, तेथे अतिदक्षता सेवेच्या विस्ताराची भाषा करणे म्हणजे भाकरीची भ्रांत असलेल्या माणसाला केशरी भाताची कृती सांगण्यासारखे नाही काय? समाजवादी विचाराच्या माणसाने हा आक्षेप घ्यावा हे स्वाभाविकच आहे. १९७८ साली आल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्याच्यामागे हीच दृष्टी होती. आरोग्याचा पैसा राजधानीतल्या चकचकीत रुग्णालयांत जिरू नये, तो गावापर्यंत पोचावा, ही ती दृष्टी. मला ती आजही मान्य आहे.

दुसऱ्या बाजूला अगदी उलटा विचार करणारी मंडळी आहेत. राजधानीत दहा खाटांचा अद्ययावत विभाग उभारला, परदेशातून यंत्रे आणली, मंत्रिमहोदयांनी फीत कापली, की देशातील अत्यवस्थ रुग्णांची सोय झाली, असे ते समजतात. या दोन पक्षांचे एकमेकांशी पटत नाही. पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. अतिदक्षता म्हणजे यंत्रांनी भरलेली एक खोली, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. पहिला पक्ष ती खोली चैन म्हणून नाकारतो, दुसरा तिला प्रगती म्हणून मिरवतो. हे गृहीतच चुकीचे आहे, असे मला आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. तेव्हा उपचारांबद्दल मी अधिकारवाणीने बोलणार नाही. अपुरी साधने कोणत्या क्रमाने आणि कोणासाठी वापरली जातात, तो क्रम कोण ठरवितो, एवढ्यापुरते बोलेन. जागतिक बँकेच्या वर्गवारीत अगदी तळाच्या गटात आज पंचवीसच्या आसपास देश आहेत व त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. मी त्यांच्याबरोबर त्यांच्याहून एकच पायरी वर असलेल्या झांबिया, केनिया, बांगलादेश अशा देशांचाही विचार करणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात रोज दाखल होऊ लागले. श्वास चालू ठेवण्याची जी लोखंडी पेटी त्या काळी वापरात होती, ती त्या रुग्णालयात एकच होती. तिच्या जोडीला काही छोटी यंत्रे होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा बिओर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचविले, की श्वासनलिकेला छेद देऊन तीत नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुफ्फुसांत हवा भरावी. हे काम करण्यासाठी सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. रात्रंदिवस, काही महिने त्यांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण पुढे एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म येथे झाला असे मानले जाते. त्या जन्माच्या वेळी उपस्थित काय होते, तर प्राणवायू, एक रबरी पिशवी आणि न हलता रुग्णाजवळ बसून राहणारा माणूस. श्रीमंत देशांत या माणसाचे काम पुढे यंत्राने केले आणि त्या यंत्रावर नजर ठेवावयास पुन्हा माणूस बसविला. तेथील अतिदक्षता विभागात आजही एका वा दोन रुग्णांमागे एक परिचारिका असते. यंत्र डोळ्यांत भरते, परिचारिका भरत नाही. आणि म्हणून गरीब देशांनी उसने घेतले ते यंत्र.

आता अत्यवस्थ रुग्ण कोण आणि तो असतो कोठे, हे पाहू. न्यूमोनियाने धापा टाकणारे मूल, बाळंतपणात रक्तस्राव झालेली तरुण स्त्री, मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेला शाळकरी मुलगा, अपघातात सापडलेला मजूर, अशी ही माणसे आहेत. त्यांतील बरीचशी तरुण आहेत आणि त्यांचा आजार बहुधा बरा होण्याजोगा आहे. म्हातारपणाचे चार दिवस वाढविण्याचा हा प्रश्न नाही. २०२५ मध्ये आफ्रिकेतील २२ देशांतल्या १८० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ वीस हजार रुग्णांची पाहणी करण्यात आली होती. रुग्णालयातील दर आठ रुग्णांमागे एक अत्यवस्थ आढळला. या अत्यवस्थ रुग्णांपैकी ६९ टक्के सामान्य वॉर्डात होते. त्यांच्यापैकी दर पाचांत एक जण आठवड्याभरात मरण पावला. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. ज्यांचा श्वास निकामी होत चालला होता, त्यांपैकी निम्म्यांनाही प्राणवायू लावलेला नव्हता. ज्यांचा रक्तदाब कोसळला होता, त्यांपैकी जेमतेम निम्म्यांना सलाईन वा औषध मिळत होते. ही माणसे गावात वैद्याची वाट पाहत नव्हती, ती रुग्णालयात होती, खाटेवर होती. तरीही त्यांपैकी अनेकांपर्यंत प्राणवायू पोचला नव्हता.

हे चित्र मनात ठेवून २०२० सालाकडे पाहा. कोविडची साथ आली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला. आफ्रिकेतील ४१ देशांच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत मिळून चालू स्थितीतील व्हेंटिलेटर दोन हजारांहूनही कमी होते. ४३ देशांत अतिदक्षतेच्या खाटा पाच हजारांच्या आत, म्हणजे दहा लाख लोकांमागे सुमारे पाच होत्या. युरोपात हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. या आकड्यांनी जग हादरले आणि ते योग्यच झाले. परंतु हादरलेल्या जगाने लगेच जो उपाय योजला तो व्हेंटिलेटर पाठविण्याचा. वस्तुतः व्हेंटिलेटरला अखंड वीज लागते, दाबाखाली पुरविलेला प्राणवायू लागतो, सुटे भाग लागतात, दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ लागतो आणि चोवीस तास जाणती परिचारिका लागते. यांतील एक जरी नसेल, तर ते यंत्र म्हणजे कोपऱ्यात झाकून ठेवलेले एक लोखंडी सामान. गरीब देशांतील वैद्यकीय उपकरणांपैकी सुमारे ४० टक्के बंद स्थितीत असतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखविले होते. २०२० मध्ये आफ्रिकेच्या दहा देशांतील ६४ रुग्णालयांत अतिदक्षतेसाठी दाखल झालेल्या कोविडच्या तीन हजारांवर रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी ४८ टक्के तीस दिवसांत मरण पावले. ज्यांना अतिदक्षतेची खाट मिळाली, त्यांची ही कथा.

येथे कोणी म्हणेल, की यंत्रे कमी पडली, ज्ञान कमी पडले, तेव्हा श्रीमंत देशांची उपचारपद्धती जशीच्या तशी आणा. हाही प्रयोग झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष विचार करावयास लावणारे आहेत. युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत तापाने गंभीर आजारी असलेल्या ३,१४१ मुलांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलाला शिरेतून झपाट्याने सलाईन द्यावे, असा श्रीमंत देशांतला शिरस्ता होता. ज्यांना असे सलाईन दिले त्यांच्यापैकी ४८ तासांत दर शेकडा साडेदहा मुले दगावली. ज्यांना तसे दिले नाही, त्यांच्यात हे प्रमाण सव्वासात होते. झांबियाची राजधानी लुसाका येथे रक्तात जंतुदोष पसरून रक्तदाब खालावलेल्या प्रौढ रुग्णांवर अशीच एक चाचणी झाली. या रुग्णांत एचआयव्हीची लागण झालेले बहुसंख्य होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, आखून दिलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या उपचारात ४८ टक्के रुग्ण गेले, नेहमीच्या उपचारात ३३ टक्के. याचा अर्थ गरिबाला कमी उपचार पुरेत, असा कोणी काढू नये. ज्या उपचाराच्या मागे व्हेंटिलेटर, तपासण्या आणि सतत देखरेख यांचा आधार असतो, तो आधार काढून घेऊन उपचाराचा एकच तुकडा उचलून आणला, तर तो तुकडा घातक ठरू शकतो, हा त्याचा अर्थ आहे.

याहून बोलका असा एक दाखला सांगतो. ढाक्याच्या अतिसार संशोधन रुग्णालयात मोहम्मद जोबायेर चिश्ती या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या बालकांसाठी एक साधे साधन वापरले. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरावयाचे आणि श्वासाच्या नळीचे टोक त्या पाण्यात बुडवावयाचे. बुडबुड्यांच्या दाबामुळे मुलाची फुफ्फुसे मिटत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत साध्या पद्धतीने प्राणवायू दिलेल्या मुलांपैकी १५ टक्के दगावली, बाटलीच्या साधनावर केवळ ४ टक्के. जगभर या बाटलीचे कौतुक झाले. त्यानंतर मलावी देशातील सालिमा येथील जिल्हा रुग्णालयात, एचआयव्ही वा कुपोषण यांसारखा जादा धोका असलेल्या मुलांवर याच तत्त्वाचे साधन वापरून पाहिले. तेथे या साधनावरील १७ टक्के मुले दगावली आणि साध्या प्राणवायूवरील ११ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तत्त्व तेच, बुडबुडे तेच. ढाक्याला अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका मुलांभोवती सतत होत्या. सालिमाला डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, मोजक्या कर्मचाऱ्यांवर सगळा भार होता. मुलांच्या आजारांतही फरक होता, हे मान्य करूनही मी म्हणेन, की साधन स्वस्त झाले म्हणून सेवा स्वस्त होत नाही. सेवेचा मोठा भाग माणसाच्या मजुरीत असतो आणि तो टाळता येत नाही.

मग करावयाचे काय? सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर अंधारात नाही. पापुआ न्यू गिनी या देशातील पाच रुग्णालयांत प्राणवायूची एक साधी व्यवस्था बसविण्यात आली. हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे पल्स ऑक्सिमीटर, परिचारिकांचे प्रशिक्षण आणि नियमित दुरुस्ती, एवढाच तो कार्यक्रम. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार न्यूमोनियाच्या मुलांतील मृत्यू शेकडा पाचावरून सव्वातीनच्या खाली आले, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. दर रुग्णामागे खर्च आला ५१ डॉलर. युगांडातील वीस रुग्णालयांत सौरऊर्जेवर चालणारी प्राणवायूची व्यवस्था बसविली, तेव्हा तेथेही मुलांचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसते. वीज गेली तरी सूर्य काही भारनियमन करीत नाही.

२०२१ साली ५९ देशांतील २६९ तज्ज्ञांनी मिळून अत्यवस्थ रुग्णाच्या किमान सेवेची एक यादी तयार केली. तीत ४० कृती आणि त्यांसाठी लागणाऱ्या ६७ गोष्टी आहेत. रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध ठराविक वेळी तपासणे, बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळविणे, प्राणवायू लावणे, सलाईन वेळेवर देणे, प्रकृती ढासळताच वरिष्ठांना बोलावणे, अशी ही कामे. यात व्हेंटिलेटर नाही. ही सेवा एका खोलीत कोंडलेली नसून प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक खाटेपाशी द्यावयाची आहे. माझ्या मते गरीब देशांत अतिदक्षतेचा विस्तार या वाटेने व्हावयास हवा. प्राथमिक आरोग्यसेवेशी तिचे भांडण नाही, कारण खेड्यातल्या आरोग्यसेविकेने वेळेवर ओळखून पाठविलेले मूल जिल्हा रुग्णालयात प्राणवायूवाचून मरणार असेल, तर त्या आरोग्यसेविकेवर गावाने विश्वास का ठेवावा?

आता माझ्या विषयाकडे, अर्थकारणाकडे येतो. इतके सोपे आणि इतके स्वस्त काम होत का नाही? कारण अंदाजपत्रकात खर्चाचे दोन खाते असतात. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, कंत्राट निघते, कंत्राटात हात ओले होतात. परिचारिकेचा पगार हा आवर्ती खर्च. तो दर महिन्याला करावा लागतो, त्याला पाटी लागत नाही आणि त्याची फीत कापता येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींत सरकारी पगारखर्चावर मर्यादा घालण्याची प्रथा अनेक वर्षे चालली. मलावी, मोझांबिक, सिएरा लिओन या देशांच्या संदर्भात २००७ च्या सुमारास तिच्यावर कडाडून टीका झाली. ज्या देशांत परिचारिकांची जागा रिकामी आणि शिकलेली परिचारिका बेकार, अशी स्थिती येते, तेथे बाजारपेठेचा अदृश्य हात नसून वित्तमंत्रालयाची दृश्य कात्री असते.

उलट अनुभवही आहे. २००४ साली मलावीने मुख्यतः ब्रिटनच्या साहाय्याने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आपत्कालीन कार्यक्रम हाती घेतला. अकरा वर्गांतील कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घातली आणि प्रशिक्षणाच्या जागा वाढविल्या. २००९ पर्यंत दर हजार लोकांमागे आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रमाण ०.८७ वरून १.४४ वर गेले. पगार दिला की माणसे मिळतात, हे सिद्ध करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागू नये. परंतु याच ब्रिटनच्या रुग्णालयांनी मलावीच्या परिचारिका वर्षानुवर्षे आपल्याकडे ओढून घेतल्या, हेही विसरता येत नाही. गरीब देशाने आपल्या खर्चाने शिकवावे आणि श्रीमंत देशाने तयार हात उचलावेत, ही एक उलटी मदतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या भरतीसाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे.

त्यात कर्जाचा बोजा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२३ साली दाखवून दिले, की ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जेथे सरकार शिक्षणापेक्षा वा आरोग्यापेक्षा कर्जाच्या व्याजावर अधिक खर्च करते. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेश विकास साहाय्य संस्था बंद केली आणि परक्याच्या ओंजळीने पाणी पिण्यातला धोका एका वर्षात सर्वांच्या ध्यानी आला. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. बहुतेकांनी ते पाळलेले नाही. तेव्हा दोष केवळ वॉशिंग्टनचा म्हणून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. राष्ट्रप्रमुख आजारी पडला की विमानाने परदेशी जातो आणि त्याच्या देशातील वॉर्डात प्राणवायू नसतो, हे वर्गवास्तव त्या देशांच्या जनतेलाच बदलावे लागेल.

एका आक्षेपाला उत्तर द्यावयास हवे. म्हणजे गरीब देशांत व्हेंटिलेटर नकोतच काय? हवेत. धनुर्वाताचा रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण, झटके न थांबणारी बाळंतीण, यांना ते लागतातच. समाजवादी माणूस गरिबांसाठी दुय्यम औषधशास्त्र मागू शकत नाही. माझे म्हणणे क्रमाचे आहे. पाया न घालता कळस चढविला, तर तो कळस पैसेवाल्यांच्या घरावर बसतो. खाटा चार आणि गरजू चाळीस असतील, तेव्हा खाट कोणाला द्यावयाची याचा निर्णय कोणीतरी करतोच. सार्वजनिक व्यवस्थेत तो जगण्याची शक्यता पाहून, उघड नियमाने करता येतो. खाजगी व्यवस्थेत तो अनामत रकमेच्या पावतीवर होतो.

हे सारे आफ्रिकेचे दुखणे म्हणून आपण पांघरूण ओढून घेऊ नये. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. दोन्ही ठिकाणी यंत्रे होती, टाकीही होती. आणि याच महाराष्ट्रात गडचिरोलीला अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या कार्यकर्त्यांना बालकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावयास शिकविले व बालमृत्यू घटविले. शिकविलेल्या, नेमलेल्या आणि जागेवर असलेल्या माणसाची किंमत आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगावयास नको.

२०२५ सालच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितले, की जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणाऱ्या वैद्यकीय प्राणवायूची शाश्वती नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य सभेने प्राणवायूच्या उपलब्धतेविषयी ठराव केला. ठरावाखाली आपल्या देशांची नावे आहेत. आता मागणी स्पष्ट करावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डात प्राणवायू आणि तो मोजण्याचे साधन असावे. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि तो पगार कर्जाच्या अटींतून वगळावा. जो देश परक्या परिचारिका नेतो, त्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च परत करावा. यंत्र देणाऱ्याने दहा वर्षांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची हमी दिल्याखेरीज ते स्वीकारू नये. आणि पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात नव्या अतिदक्षता विभागाचे उद्घाटन होईल, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी उभे राहून एकच प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता येथे कोण असणार आहे?